स्लीव्ह व्हॉल्व्हचे इंजिन चालते कसे, आणि ते मागे का पडले?

स्लीव्ह व्हॉल्व्हचे इंजिन नेहमीच्या इंजिनाहून वेगळे कसे चालते, आणि ते इतके गुणी होते तर आज कुठे दिसत का नाही, असे आपण विचारले आहे. आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजला की गॅरेजवाले ‘स्लीव्ह टाकली’ म्हणतात. ती स्लीव्ह म्हणजे घट्ट ठोकून बसवलेला, जागचा न हलणारा लायनर. इथली स्लीव्ह मात्र इंजिन चालू असेपर्यंत सतत हलत असते आणि व्हॉल्व्हचे काम तीच करते.

नेहमीच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला वायू बाहेर सोडतो. व्हॉल्व्ह उघडतो कॅममुळे, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यामुळे, आणि मिटतो स्प्रिंगमुळे. ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेरे) प्रत्येक व्हॉल्व्हची सेकंदाला सुमारे ३३ वेळा उघडमीट होते, आणि वेग आणखी वाढला की स्प्रिंग मागे पडू लागते. तरीही खरे दुखणे एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे असते, कारण त्याच्या अंगावरून जळता वायू जातो आणि ती उष्णता बाहेर पडायला सीट आणि दांडी एवढ्याच वाटा असतात. उमेदवारीच्या काळात मी पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासत बसायचो, तेव्हा इनलेटची कडा थोड्याच वेळात एकसारखी राखाडी होई, पण एक्झॉस्टच्या कडेवर एखादा खड्डा असा निघे की मनगट दुखेपर्यंत घासले तरी जात नसे. असा लालबुंद व्हॉल्व्ह मिश्रणाला वेळेआधी पेटवू शकतो, आणि म्हणूनच कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, किती वाढवावे यावर मर्यादा येते.

स्लीव्ह व्हॉल्व्हने हा व्हॉल्व्हच काढून टाकला. अमेरिकेच्या चार्ल्स नाईट यांच्या रचनेत एकात एक अशा दोन स्लीव्ह वरखाली सरकत. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने ती १९०९ च्या सुमारास मोटारींत घेतली. गाडी विलक्षण शांत चाले, पण तेलही भरपूर जाळी. त्याहून चतुर रचना बर्ट आणि मॅकॉलम यांची होती. तिच्यात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकच पातळ स्लीव्ह असते, आणि तिच्या खालच्या कडेला एक छोटा क्रँक जोडलेला असतो, जो मुख्य क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे स्लीव्ह नुसती वरखाली न होता थोडी डावी-उजवीकडेही वळते, आणि तिच्यावरचा कोणताही बिंदू लंबवर्तुळ काढतो. स्लीव्हला आणि सिलिंडरला खिडक्या कापलेल्या असतात. एका बाजूच्या वळणात स्लीव्हच्या खिडक्या इनलेटच्या खिडक्यांसमोर येतात, दुसऱ्या बाजूच्या वळणात एक्झॉस्टच्या. आणि स्फोटाच्या वेळी स्लीव्ह सर्वांत वर असल्याने तिच्या खिडक्या हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) रिंगांच्या पलीकडे जाऊन बंद होतात. मला यातले सर्वांत सुंदर वाटते ते असे, की पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेव्हाही स्लीव्ह हलतच असते, म्हणजे एरवी ज्या जागी बोअर सर्वांत जास्त झिजतो तिथेही तेलाचा थर तुटत नाही. शिवाय हेडमध्ये व्हॉल्व्ह नसल्याने स्पार्क प्लग हवा तिथे बसवता येतो आणि टॅपेट सेटिंगची, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्याची, कटकट उरत नाही.

ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी या रचनेचा पुरस्कार केला आणि ब्रिस्टल कंपनीत रॉय फेडन यांनी ती विमानांत आणली. दोन रांगांच्या रेडियल इंजिनाला (ज्यात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार बसवलेले असतात) सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह द्यायचे तर ते उघडणाऱ्या पुशरॉड आणि रॉकरचे जंजाळ होते. ब्रिस्टलच्या ३८.७ लिटरच्या हर्क्युलिस इंजिनाला १४ सिलिंडर. त्या हिशेबाने ५६ व्हॉल्व्ह लागले असते, तिथे १४ स्लीव्हवर काम भागले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपल्या वायुसेनेने वापरलेल्या टेम्पेस्ट विमानांत याच घराण्यातले १८ सिलिंडरचे सेंटॉरस इंजिन होते.

पण ती स्लीव्ह बनवणे म्हणजे अग्निपरीक्षाच होती. ती पातळ हवी, कडक हवी, आणि तापल्यावरही गोल राहायला हवी. सुरुवातीला प्रत्येक स्लीव्ह तिच्या सिलिंडरला हाताने जुळवावी लागे, आणि एकसारख्या, अदलाबदल करता येतील अशा स्लीव्ह काढण्यात ब्रिस्टलची वर्षे गेली. नेपियर कंपनीच्या २४ सिलिंडरच्या सेबर इंजिनात स्लीव्ह वेड्यावाकड्या होऊन इंजिने बंद पडत. ब्रिस्टलच्या पद्धतीने बनवलेल्या स्लीव्ह वापरल्यावर ते दुखणे आटोक्यात आले.

एवढा खटाटोप ज्या दुखण्यासाठी होता, त्यावर मधल्या काळात स्वस्त औषध निघाले. पोकळ दांडीत सोडियम भरलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतली उष्णता दांडीवाटे बाहेर नेऊ लागला, आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे वेळेआधीच्या स्फोटाची भीती कमी झाली. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान-इंजिनाने साध्या व्हॉल्व्हवरच दुसरे महायुद्ध निभावले. नंतर मोठ्या लढाऊ विमानांना जेट मिळाले, आणि मोटारींच्या बाबतीत म्हणाल तर स्लीव्हच्या दोन्ही अंगांना लागणारे तेल थोडेफार जळतेच, जे आजच्या धुराच्या नियमांत बसवणे फार कठीण आहे.