सगळं आहे, पण मजा येत नाही

"मॅडम, तक्रार करावी असं काहीच नाही. घर आहे, नोकरी आहे, मुलगी शहाणी आहे. पण कशात मजाच वाटत नाही."

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य बरेचदा असतं. या ताई सहकारी बँकेत काम करतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) असं कुणी म्हणालं की मी आधी झोप, भूक, थकवा विचारते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. मग आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

ताईंचं तसं नव्हतं. यंदा गणपतीत त्यांचा एकही उकडीचा मोदक फुटला नाही, हे सांगताना चेहरा खुलला होता. पारी किती पातळ झाली, कळ्या कशा शेवटपर्यंत सारख्या आल्या, सगळं हातांनी करून दाखवत होत्या. आणि मग एकदम थांबल्या. "ह्यांना हाक मारून दाखवले, तर म्हणाले, 'हं, छान. गॅस बुक केलास का?'"

आनंद होत होता, कळतही होता. त्याला घरात गिऱ्हाईक नव्हतं.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी रोज चांगल्या गोष्टी लिहायची डायरी सुरू केली होती. आठवड्यात गुंडाळली. "दिवसभर बँकेत नोंदीच करते हो!" डायरीचा काहींना चांगला उपयोग होतो, पण ती सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारू नये, या मताची मी आहे.

शेली गेबल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेलं संशोधन इथे कामी येतं. चांगली गोष्ट कुणाला सांगितली की त्या गोष्टीच्या आनंदात आणखी भर पडते. पण नातं कसं राहतं, ते ऐकणारा काय करतो यावर बरंच अवलंबून असतं. तो उत्सुकतेने विचारतो, नुसतं 'छान' म्हणतो, खोट काढतो किंवा विषयच बदलतो. यातली पहिलीच तऱ्हा नात्याला मानवते. आपल्याकडे 'छान' म्हटलं की काम झालं असं वाटतं, गडबड तिथेच आहे.

पुढच्या वेळी यजमान आले. वीज खात्यात आहेत, अबोल माणूस. बोर्डात चांगले गुण मिळाले तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "गणितात कुठे गेले?" आई म्हणायची, फार हसू नये, दृष्ट लागते. अशा घरात वाढलेल्या माणसाला आनंदावर लगेच झाकण ठेवणं म्हणजेच काळजी वाटते. त्यांना दोष देऊन काय मिळणार?

काम एवढंच दिलं: रात्री जेवताना प्रत्येकाने दिवसातलं एक काहीतरी सांगायचं, कितीही फुटकळ चालेल. ऐकणाऱ्याने फोन बाजूला ठेवून त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. सल्ला आणि सुधारणा दुसऱ्या दिवशी.

सुरुवातीला यजमानांनी "तुला तेव्हा काय वाटलं?" असं मुलाखत घेतल्यासारखं विचारलं आणि ताईंना हसू आवरेना. तेही एक बरंच झालं. मग एका रात्री ते स्वतःहून बोलले. रात्री-अपरात्री बिघाड दुरुस्त झाला, लाइट आले, की गल्लीतली पोरं "आलेऽऽ" म्हणून ओरडतात. ते ऐकायला आपण मुद्दाम दोन मिनिटं खांबाखाली रेंगाळतो, म्हणाले. "इतकी वर्षं झाली लग्नाला, मला माहीतच नव्हतं हे," ताई मला सांगत होत्या.

मुलगी मात्र अजून "काही नाही" म्हणून ताट उचलते. तिच्यामागे लागू नका, असं मी दोघांना बजावलं आहे. सतरा वर्षांची आहे. तिच्या गोष्टी सध्या मैत्रिणींना कळतात, आणि तेवढं आत्ता पुरेसं आहे.