‘अपोलो १३’ हा चित्रपट कितपत खरा आहे? शेवट ठाऊक असताना तो का बघावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९९५ सालच्या ‘अपोलो १३’ मधलं खरं किती, आणि तिघे अंतराळवीर सुखरूप परतले हे जगाला ठाऊक असताना तो बघण्यात काय राहतं. मी हा चित्रपट सहा-सात वेळा बघितलाय. पहिल्यांदा कॉलेजात असताना, तेव्हा छाती धडधडत होती एवढंच आठवतं. पुढे एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात लागलो. गेज, सेन्सर, थर्मोस्टॅट, कंट्रोल रूम, रात्रपाळी. त्यानंतर हाच चित्रपट मला वेगळा दिसायला लागला, म्हणून माझं उत्तर थोडं माझ्या कामाच्या बाजूने येईल.

मुख्य घटना जवळजवळ सगळ्या खऱ्या आहेत. ११ एप्रिल १९७० ला नासाचं हे यान चंद्रावर उतरण्यासाठी निघालं. उड्डाणाच्या जेमतेम दोन दिवस आधी अंतराळवीर केन मॅटिंग्लींना काढून जॅक स्वायगर्टना घेतलं, कारण मॅटिंग्लींचा जर्मन गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला होता. (त्यांना तो आजार शेवटपर्यंत झाला नाही. १९७२ मध्ये ते अपोलो १६ मधून चंद्राकडे गेले.) १३ एप्रिलच्या रात्री, पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास, ऑक्सिजनची दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. मुख्य यानाची वीज आणि हवा दोन्ही जायला लागली, तेव्हा जिम लोव्हेल, फ्रेड हेझ आणि स्वायगर्ट चंद्रावर उतरण्यासाठी नेलेल्या छोट्या यानाच्या आसऱ्याला गेले. ते दोन माणसांना साधारण दोन दिवस पुरेल असं बनवलेलं होतं. त्यात तिघांनी जवळजवळ चार दिवस काढायचे होते. १७ एप्रिलला ते प्रशांत महासागरात उतरले. लोव्हेल यांच्या पत्नीची लग्नातली अंगठी न्हाणीघराच्या मोरीत पडते, ते दृश्य रचलेलं वाटतं ना? तेही खरं आहे.

आता चौकोनी आणि गोल डब्यांबद्दल, कारण ते दृश्य मला सगळ्यात प्रिय आहे. माणूस श्वास सोडतो तो कार्बन डायऑक्साइड बंद यानात साचत जातो. तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असतात. छोट्या यानातले डबे गोल होते आणि तिघांना ते पुरणार नव्हते. मुख्य यानात डबे भरपूर, पण चौकोनी. ते इकडे बसतच नव्हते. नासाचे अभियंते एड स्मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यूस्टनमध्ये, म्हणजे जिथून मोहीम चालवली जात होती तिथे, बसून यानात जे आहे तेवढंच वापरायचं ठरवलं: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांची पुठ्ठ्याची कव्हरं, अंतराळपोशाखाची नळी आणि डक्ट टेप. मग रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली आणि वर त्यांनी ती जोडणी हाताने केली. चित्रपटात एक माणूस टेबलावर सगळं सामान ओततो आणि सांगतो, हे वापरून हे याच्यात बसवायचं. आमच्याकडे रात्री दोनला स्पेअर मिळत नाही आणि प्लांट थांबवता येत नाही, तेव्हा आमचे जुने फिटर नेमकं हेच करतात. आधी हाताशी काय आहे ते जमिनीवर मांडतात, बोलतात नंतर. हे दृश्य ज्याने लिहिलं त्याला असं काम जवळून ठाऊक असणार, असं मला दर वेळी वाटतं.

थंडीही खरी. वीज वाचवण्यासाठी बहुतेक सगळं बंद केल्यावर आतलं तापमान तीन-चार अंशांवर आलं. पाणी इतकं मोजून की माणशी दिवसाला साधारण २०० मिलिलिटर. हेझना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप भरला. आणि वजनरहित अवस्थेचं चित्रीकरण तर दोऱ्यांवर लटकून केलेलं नाहीच. नासाच्या केसी-१३५ विमानात सेट बसवला होता. ते विमान वर झेपावून खाली येताना दर वेळी पंचवीसेक सेकंद वजन नाहीसं होतं, तेवढ्यात एकेक तुकडा घ्यायचा. लोव्हेल झालेल्या टॉम हँक्सच्या हातून सुटलेली वस्तू खरोखर तरंगतेय.

मग खोटं काय? खोटी आहेत ती भांडणं. परतीच्या वाटेवर हेझ आणि स्वायगर्ट एकमेकांवर ओरडतात, तसं काही झालं नव्हतं. त्या दिवसांचं संभाषण ध्वनिमुद्रित आहे आणि त्यातला त्यांचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत आहे. ते प्रसिद्ध वाक्यही थोडं बदललंय. पडद्यावर लोव्हेल म्हणतात, ‘ह्यूस्टन, आमच्यापुढे अडचण आहे.’ प्रत्यक्षात आधी स्वायगर्ट बोलले, पुन्हा सांगा म्हटल्यावर लोव्हेल बोलले, आणि दोघांचंही वाक्य भूतकाळी होतं: आम्हाला अडचण आली. ह्यूस्टनमधून मोहीम चालवणाऱ्या जीन क्रान्झ यांच्या तोंडचं ‘अपयश हा पर्यायच नाही’ हे वाक्य त्या दिवसांत ते बोललेच नव्हते. पटकथाकारांनी मोहिमेतल्या एका अभियंत्याच्या बोलण्यावरून ते घडवलं, आणि पुढे क्रान्झनी आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं. यान मार्गावरून किंचित सरकत होतं याचं कारण चित्रपटात चंद्रावरचे दगड सोबत नसल्याने वजन कमी पडलं असं दिलंय. खरं कारण छोट्या यानाच्या शीतकरणातून बाहेर पडणारी वाफ होती. ती सतत हलका धक्का देत होती.

एक बदल मात्र मला मनापासून खटकतो. चित्रपटात सगळं क्रान्झ करतात. एड हॅरिसने ती भूमिका उत्तम केलीय, प्रश्न तो नाही. पण त्या मोहिमेवर चार फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे पाळीपाळीने नियंत्रण कक्षाचे प्रमुख, होते: क्रान्झ, ग्लिन लनी, मिल्ट विंडलर आणि गेरी ग्रिफिन. स्फोट झाला तेव्हा क्रान्झ यांची पाळी संपत आली होती. साधारण तासाभरात लनींच्या तुकडीने चार्ज घेतला, आणि मरणाऱ्या यानातून छोट्या यानात जाण्याचं सगळ्यात नाजूक काम बहुतांशी त्यांच्या पाळीत झालं. चित्रपटात लनी जवळजवळ दिसतच नाहीत. शेवटी मुख्य यान पुन्हा सुरू करण्याची कृती ठरवणंही, चित्रपटात दिसतं तसं, एकट्या मॅटिंग्लींचं काम नव्हतं. नियंत्रण कक्षातले जॉन आरन आणि इतर कितीतरी जणांनी विजेचा एकेक अँपिअर मोजून ती बसवली. ज्याने कधी बिघाडाच्या मध्यावर शिफ्ट बदललीय त्याला विचारा. दमलेल्या माणसाने ताज्या माणसाला काहीही न विसरता सगळं सांगायचं आणि मग खुर्चीतून उठायचं, हे किती अवघड असतं! ते दृश्य चित्रपटात असतं तर माझ्यासारखे लोक ते पुन्हा पुन्हा लावून बघत बसले असते.

आणि आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. चित्रपट सुटकेची गोष्ट इतकी छान सांगतो, पण टाकी फुटली का, हे शेवटी एका वाक्यात उरकतो: टाकीतलं एक कॉइल खराब होतं. खरी गोष्ट याहून कितीतरी मोठी आहे.

ती टाकी आधी अपोलो १० च्या यानात बसवली होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये काढताना एक बोल्ट तसाच राहिला आणि ती दोन इंच, म्हणजे पाचेक सेंटिमीटर आपटली. बाहेरून काही दिसलं नाही, पण बहुधा त्यामुळेच आतली एक नळी सैल झाली. मार्च १९७० मध्ये चाचणीनंतर टाकी रिकामी करायला गेले तर ऑक्सिजन नेहमीच्या वाटेने निघेना. मग आतला हीटर लावून तो उकळून काढायचं ठरलं. हीटर आठ तास चालला. जास्त तापलं तर वीज तोडायला आत थर्मोस्टॅट होता, पण तो २८ व्होल्टचा. उड्डाणतळावरून येणारी वीज ६५ व्होल्टची. १९६५ मध्ये ही वीज वाढवायचं ठरलं तेव्हा हीटर बदलला, थर्मोस्टॅटचे स्विच बदलायचे राहिले, आणि पुढे पाच वर्षं एकाही तपासणीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी स्विच उघडायला गेला आणि जागीच वितळून चिकटला. आत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असावं, असं चौकशीत निघालं. तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण करपलं. स्फोटाला हवं ते सगळं टाकीत तयार झालं होतं, फक्त ठिणगी बाकी होती.

लोव्हेल यांनी नंतर स्वतः लिहिलंय की ऑक्सिजन उकळून काढायच्या निर्णयाला आपणही होकार दिला होता, टाकी बदलून मागता आली असती. २०२५ मध्ये ते ९७ वर्षांचे होऊन गेले. (चित्रपटाच्या शेवटी जहाजावर हँक्सशी हात मिळवणारा कप्तान दिसतो, ते खरे लोव्हेल आहेत.)

आठ तास समोर माणूस बसला होता, मग तापमान दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण तो गेज ८० अंश फॅरनहाइटपर्यंतच, म्हणजे २७ सेल्सिअसपर्यंतच दाखवत होता. त्यापुढे आकडेच नव्हते. काटा टोकाला टेकून राहिला. आमच्याकडे एका रात्रपाळीत हेच झालं होतं. लॉगबुकात तासातासाला ‘२००, स्थिर’ अशी ओळ, आणि त्या इंडिकेटरची रेंजच २०० होती. एक बॅच वाया गेली, कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून कुठलंही रीडिंग घेताना मी आधी रेंज विचारतो. नवीन मुलं आली की त्यांना अपोलो १३ ची ही बाजू सांगतो आणि मगच चित्रपट बघायला सांगतो.

शेवट ठाऊक असताना का बघावा, याचं माझं उत्तर इथेच आहे. मी तो बघतो तो सुरुवात ठाऊक असल्यामुळे. टाकीतला ऑक्सिजन आतल्या पंख्याने ढवळण्याची सूचना येते आणि स्वायगर्ट हात पुढे करून पंख्याचा स्विच दाबतात, तिथे एक क्षण थांबवून बघा. बाकी राहिलेली ठिणगी इथेच पडली. तोच पंखा त्या प्रवासात आधीही फिरला होता आणि काही झालं नव्हतं. पुढे चित्रपटातला हेझ त्यांनाच विचारतो की तू काय केलंस. त्या माणसाने सांगितलेला स्विच दाबला होता, एवढंच.