टचपॅडचं क्लिक घट्ट झालंय? आधी चार्जर काढा

प्रश्न : माझा लॅपटॉप ४ वर्षांचा आहे. आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या मी घरून ऑनलाइन घेते. एप्रिलपासून तो इतका तापतो की मनगट टेकवत नाही, पंखा घरघरतो आणि मुलांना माझा आवाज तुटक ऐकू जातो. कूलरच्या पुढ्यात ठेवून पाहिला, फरक नाही. लाइटचा भरवसा नाही म्हणून चार्जर कायम लावलेला असतो, तरी लाइट गेली की २० मिनिटांत बंद पडतो. हल्ली टचपॅडचं क्लिकही घट्ट झालंय, पण मी माऊस वापरते, त्यामुळे काही अडत नाही. बॅटरी बदलू की लॅपटॉपच? – एक शिक्षिका, अकोला

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेलं टचपॅडचं वाक्य मी आधी घेतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोबर खाली असते. क्लिक घट्ट होणं, टचपॅड वर उचलला जाणं, झाकण नीट न बसणं, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगणं, यातलं काहीही दिसलं की पहिला संशय बॅटरी फुगल्याचा. आतलं रसायन बिघडून वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. टचपॅड दाबून खाली बसवायला जाऊ नका. सेल फाटला तर पेट घेऊ शकतो. आजच्या आज दुकानात नेऊन खालचं झाकण उघडून घ्या. बॅटरी फुगलेली निघाली तर ती काढून ठेवावी लागेल. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात, त्यामुळे तुमच्या शिकवण्या बुडणार नाहीत. फक्त लाइट गेली की बंद. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली की आग लागते. नवी घ्याल तिथेच जुनी जमा करा.

ही वेळ का आली, ते तुमच्याच पत्रात आहे. लॅपटॉपमध्ये असते त्या लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मारतात : उष्णता, आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर नुसती पडून राहिली, तरी तिची साधारण ६५ टक्केच क्षमता उरते. अर्धवट भरलेली असेल तर त्याच उष्णतेत ८५ टक्क्यांच्या आसपास. अकोल्याचा मे महिना आणि कायम लावलेला चार्जर, म्हणजे दोन्ही रोग एकाच घरात.

नवी बॅटरी बसली की सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का ते पाहा. लेनोव्होमध्ये तिला ‘कन्झर्वेशन मोड’ म्हणतात, आसूसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’. डेल आणि एचपीतही बऱ्याच मॉडेलांत असते. ‘मग लाइट गेल्यावर वेळ कमी मिळेल’ म्हणाल. मिळेल. पण ८० टक्के भरलेली धड बॅटरी आजच्या तुमच्या २० मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त चालते.

आता तापण्याचं. कूलरपुढे फरक पडला नाही, कारण हवा आत शिरतच नसणार. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) याच्या पातळ पात्यांच्या मध्ये धूळ आणि कापडाचे तंतू साचून नमद्यासारखा थर बसतो. वरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. पंखा खोलून काढायला सांगा आणि त्याच वेळी प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही (त्याची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलून घ्या. तुमचा आवाज तुटतो तोही बहुधा यामुळेच : प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. नेट कंपनीला उगाच शिव्या बसतात.

कूलरचा झोत मात्र थेट लॅपटॉपवर नको. ती ओलसर हवा असते, कधी थेंबही उडतात. लॅपटॉप बाजूला, कडक टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा. बहुतेक कंपन्या खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच धरतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पंख्याखालीही पारा त्याच्या वर असतो. जड कामं सकाळी उरका.

लॅपटॉप बदलू नका. बॅटरी आणि सफाई एवढ्यावर भागेल असं वाटतं. बॅटरी घेताना स्वस्त कॉपी नको. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात लवकर परत येतात त्या त्याच.

प्रश्न : महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी, असं आमचे एक सर सांगतात. खरं का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सरांचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे. लिथियमला शून्यावर नेणं त्रासाचंच. टक्केवारी उड्या मारत असेल, म्हणजे ३० वरून एकदम ५, तर अंदाज जुळवायला एखाद्या वेळी उतरवून पुन्हा भरा. एरवी २० ते ८०च्या मध्ये खेळवा.

प्रश्न : कूलिंग पॅड घ्यावं का? – पनवेलहून एक वाचक

उत्तर : कूलिंग पॅड म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचं पंखेवालं स्टँड. लॅपटॉपची हवा आत घेणारी जाळी खाली असेल तर थोडा उपयोग. जाळी बाजूला किंवा मागे असेल तर चार बाटल्यांची झाकणं कोपऱ्यांखाली ठेवा, तेवढंच काम होतं. आणि गादीवर ठेवून वापरत असाल, तर पॅडही गादीत रुतणार.