वाचकांचे प्रश्न : हेडसेटमधली बातमी

प्रश्न : ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची निर्वासित मुलांवरची ‘द डिस्प्लेस्ड’ (२०१५) ही ३६० अंशांची (मान वळवू तिकडचं दृश्य दिसणारी) फिल्म फोन बसवायच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यातून पाहिली. चित्र पुसट, थोड्याच वेळात मळमळ, आणि महत्त्वाचं काही घडलं तेव्हा माझं तोंड भलतीकडे! चूक माझी की फिल्मची?

उत्तर : तुमची फारशी नाही. ‘फोर-के’ या उच्च दर्जाच्या व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात, पण इथे ते पूर्ण वर्तुळात वाटले जातात. भिंगातून एका वेळी साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे वाट्याला येतात जेमतेम ९६०. त्यात ॲप ‘ऑटो’वर असेल तर दर्जा आणखी घसरतो, वायफायवर तो हाताने सर्वांत वरचा निवडा. भिंगं पुसा आणि फोनच्या पडद्याचा मध्य चष्म्याच्या मधल्या पट्टीशी जुळवा. तो सरकला की दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत, डोकं दुखतं.

मळमळीचं कारण कानात आहे. डोळे ‘आपण पुढे चाललोय’ म्हणतात, आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणा ‘बसलोय’ म्हणते. म्हणून स्थिर कॅमेऱ्याची दृश्यं सोसतात, होडीतली किंवा गाडीतली सोसत नाहीत. मळमळीची पहिली चाहूल लागताच चष्मा काढा. सवय होईल म्हणून रेटू नका, त्रास वाढतो. चित्र आपोआप एका बाजूला सरकत असेल तर फोनचा जायरोस्कोप (फोन किती वळला ते ओळखणारा सेन्सर) भरकटलाय. मान वळवूनही चित्र हलत नसेल तर बहुधा फोनमध्ये तो नाहीच.

फिरत्या खुर्चीत बसा आणि प्रत्येक नव्या दृश्यात आधी चौफेर पाहून घ्या. हेडफोन हवेतच, डावा-उजवा नीट तपासून. कुठे बघायचं ते अशा फिल्मा बरेचदा आवाजानेच सुचवतात. फोनच्या स्पीकरवर ती खूण हरवते.

प्रश्न : हेडसेट घालून पाहायच्या ‘हंगर इन लॉस एंजेलिस’मधली माणसं संगणकावर बनवलेली. मग ती पत्रकारिता कशी?

उत्तर : आवाज खरा आहे. मोफत अन्नाच्या रांगेत मधुमेहाचा एक रुग्ण कोसळला, तेव्हाचं ध्वनिमुद्रण वापरून पत्रकार नॉनी दे ला पेन्या यांनी ते दृश्य उभं केलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षक त्या आकृतीशेजारी गुडघे टेकत होते. पण ‘मी तिथे होतो’ असं वाटणं हा पुरावा नव्हे. काय मुद्रित केलंय, काय रचलंय, हे निर्मात्याने सांगितलंय का ते पाहा. प्रत्यक्ष चित्रीकरणातही कॅमेरा कुठे ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेलंच असतं, आणि तो ठरवणारा बहुतेक वेळा शॉटबाहेर लपलेला असतो.