वाचनालयाचे कॉम्प्युटर : दिवसभर कोणी काहीही बदलो, सकाळी जसेच्या तसे पाहिजेत

ताई, तुम्ही लिहिलंय की वाचनालयात लोकांसाठी चार कॉम्प्युटर आहेत, विंडोज १० चे, पोरं रोज काही ना काही बदलून जातात, कधी कीबोर्डची भाषा, कधी ब्राउझर, कधी भलतंच सॉफ्टवेअर टाकून ठेवतात, आणि दर थोड्या दिवसांनी लातूरहून माणूस बोलावून फॉरमॅट मारावं लागतं, तर कोणाला काही बदलताच येणार नाही असं करता येतं का. मी आमच्या परभणीकडच्या वाचनालयांची आणि अभ्यासिकांची मशिनं बघतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी माझं मत सांगतो. ‘बदलताच येणार नाही’ याच्या मागं लागू नका. राइट क्लिक बंद करा, कंट्रोल पॅनेल लपवा, पेनड्राइव्ह बंद करा, असं करत गेलं की शेवटी साधा फॉर्म भरणाऱ्या पोरीचंच काम अडतं आणि ज्याला उद्योग करायचाय तो वाट काढतोच. त्यापेक्षा दिवसभर होऊ द्या काय व्हायचं ते, पण मशीन रीस्टार्ट झाली की तुम्ही ठरवून दिलेल्या अवस्थेत परत आली पाहिजे. सगळी मेहनत या एका गोष्टीवर घाला.

आणि पोरं हे का करतात तेबी बघा. आपल्याकडं वाचनालयात येणारं पोरगं पोलीस भरतीचा नाहीतर तलाठ्याचा फॉर्म भरायला येतं, फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवायची असते, त्यासाठी ते गुगलवर शोधून जे पहिलं सापडेल ते सॉफ्टवेअर उतरवतं आणि त्याच्यासोबत तीन नको ती येतात. टायपिंगच्या परीक्षेवाल्याला रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखी अक्षरांची मांडणी, पाहिजे असते, तो कीबोर्ड बदलतो, पुढचा माणूस इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीवाला, त्याला काहीच कळत नाही की अक्षरं अशी का उमटायलीत. म्हणून आधी त्यांना लागणाऱ्या गोष्टी तुम्हीच टाकून द्या : फोटो लहान करायला इरफानव्ह्यू, एक पीडीएफ जोडायचं-तोडायचं सॉफ्टवेअर, मराठीचे दोन्ही कीबोर्ड, कृतिदेवसारखे नेहमी मागितले जाणारे फॉन्ट, आणि भाषा कशी बदलायची त्याचा कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवून ठेवा. एवढ्यानंच निम्मा त्रास कमी होतो हे मी ठिकठिकाणी बघितलंय.

आता खरं काम. सध्या तुमची मशिनं बहुतेक ॲडमिन अकाउंटवरच, म्हणजे सगळं बदलायची मुभा असलेल्या अकाउंटवरच, चालू असतील, कारण दुकानदार तसंच लावून देतो. ते आधी बदला. एक ॲडमिन अकाउंट पासवर्ड टाकून वेगळं ठेवा आणि लोकांसाठी ‘वाचक’ नावाचं स्टँडर्ड, म्हणजे कमी मुभेचं, अकाउंट करा. पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात बंद करून सचिवांच्या कपाटात ठेवा, कारण लावून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्ड त्याच्यासंगं गेला हे लई ठिकाणी झालंय.

पण स्टँडर्ड अकाउंट म्हणजे सगळं झालं असं समजू नका. बरीच सॉफ्टवेअरं ॲडमिनला न विचारता त्या अकाउंटच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात, ब्राउझरची एक्स्टेंशनं, म्हणजे त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, तर बसतातच बसतात. आणि ते कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला’ म्हणून जे सारखं येतं ते पुष्कळदा व्हायरस नसतं, कोणीतरी एखाद्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी देऊन ठेवलेली असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन बंद केलं की थांबतं.

म्हणून त्याच्यावर रीस्टार्टला पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर लागतं, यालाच मशीन गोठवणं म्हणतात. डीप फ्रीझचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, कॉलेजच्या लॅबमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळ पांढऱ्या अस्वलाचं चिन्ह दिसतं ते. विकतचं आहे, पण भरवशाचं आहे. त्याचं क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, उतरवून टाकू नका, हात जोडून सांगतो, क्रॅकमध्येच काय घुसलेलं असंल सांगता येत नाही आणि मग तुम्ही तोच कचरा गोठवून रोज सकाळी परत आणणार. मशीनवर विंडोजची एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ एडिशन असेल तर त्यात युनिफाइड राइट फिल्टर नावाची सोय आधीच आहे, विंडोज फीचर्समध्ये जाऊन ती बसवायची आणि मग uwfmgr या कमांडनं सी ड्राइव्हसाठी चालू करायची. ते सी ड्राइव्हवर होणारं सगळं लिखाण बाजूला तात्पुरतं धरून ठेवतं आणि रीस्टार्टला टाकून देतं. मूळ सेटिंगमध्ये ही तात्पुरती जागा रॅममधली असते आणि १०२४ एमबीचीच, ती भरली की मशीन अडकते, म्हणून ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ती जागा डिस्कवर घ्या आणि वाढवून द्या. विंडोजच्या होम आणि प्रो एडिशनमध्ये हे नाही. जुन्या लेखांमध्ये मायक्रोसॉफ्टचंच स्टेडीस्टेट फुकट मिळतं असं लिहिलेलं सापडंल, ते एक्सपी आणि व्हिस्टासाठी होतं, त्याचा सपोर्ट २०११ मध्येच संपला, ते शोधत बसू नका.

गोठवायच्या आधी मशीन स्वच्छ पाहिजे. आधी फॉरमॅट, सगळे अपडेट, प्रिंटर, फॉन्ट, वरची सॉफ्टवेअरं, एक दिवस स्वतः वापरून बघा आणि मगच गोठवा. नंतर महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी उघडून अपडेट करून परत गोठवायचं, नाहीतर अपडेट दिवसा उतरणार आणि रीस्टार्टला उडणार, नेट फुकट जाणार.

एक मशीन मात्र चुकूनही गोठवायची नाही, ती म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीची. ज्या मशीनवर सभासदांच्या नोंदी आणि डेटाबेस आहे ती गोठवली तर दिवसभराच्या नोंदी रीस्टार्टला गेल्या. ती वेगळी ठेवा, लोकांना देऊ नका, तिचा रोज बॅकअप घ्या.

लाइटचं बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात कधी जाईल नेम नाही, आणि गोठवलेल्या मशीनची लाइट गेली म्हणजे डेस्कटॉपवर सेव्ह केलेलं सगळं गेलं. डीप फ्रीझमध्ये फक्त सी गोठवून डी मोकळा ठेवता येतो, तसं ठेवा, वाचकांना डी वरच सेव्ह करायला सांगा आणि प्रत्येक मशीनला यूपीएस असू द्या.

पण आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तुम्ही विचारलं नाही तरी. कोणत्याही सार्वजनिक मशीनचं डाउनलोड फोल्डर उघडून बघा. आधार कार्ड, जातीचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट, पासबुकचं पहिलं पान, सगळं तिथं पडलेलं असतं, अनोळखी माणसाला सहज मिळंल असं. पीक विमा नाहीतर अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी चालू असली की विचारूच नका. लोक व्हॉट्सॲप वेबला फोन जोडून कागद प्रिंट करतात आणि लॉगआउट न करता निघून जातात, पुढचा बसणारा त्यांचे सगळे मेसेज वाचू शकतो. आपण वाचक म्हणून त्यांना आत घेतो, तर त्यांचे कागद सांभाळणं आपल्यावरच आलं. यासाठी क्रोम कायम गेस्ट मोडमध्येच, म्हणजे पाहुण्यासारखं काही लक्षात न ठेवता, उघडंल असं करा : शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी एक स्पेस, दोन डॅश आणि लगेच जोडून इंग्रजीत गेस्ट (--guest). क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन, हिस्ट्री सगळं जातं. मात्र उतरवलेल्या फाइली गेस्ट मोडमध्येसुद्धा मशीनवरच राहतात, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. त्या प्रत्येक वाचक उठल्यावर पुसल्या गेल्या पाहिजेत, म्हणून दोन माणसांच्या मधी मशीन रीस्टार्ट करायचा नियमच करा, आणि मोकळा ठेवलेला डी रोज संध्याकाळी रिकामा होईल असं टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप करणाऱ्या विंडोजच्या सोयीला, लावून द्या. डी वरचं काम घरी न्यायचं असंल तर पेनड्राइव्हवर घ्या, हे वाचकाला बसतानाच सांगायचं.

बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड टाका आणि पेनड्राइव्हवरून बूट होणं, म्हणजे मशीन सुरू होणं, बंद करा, नाहीतर बाहेरून बूट करून ॲडमिनचा पासवर्ड काढून टाकता येतो. बायोसचा पासवर्ड आतल्या मदरबोर्डावरचा सेल काढला की बहुतेक जुन्या डेस्कटॉपवर उडतो, म्हणून कॅबिनेटला छोटं कुलूपबी लावा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशिनी विंडोज ११ ला चालत नाहीत. अशा मशिनींवर मी तरी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीमच टाकीन. त्यात लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, माणूस लॉगआउट झाला की त्याच्या फाइली, सेटिंग, वॉलपेपर सगळं आपोआप पुसलं जातं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि फॉर्म तर ब्राउझरमध्येच भरायचे असतात. टायपिंगच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून चारातल्या दोन विंडोज आणि दोन मिंट असं करून बघा. कोणत्या दोन मशिनी जुन्या आहेत, त्यांचा प्रोसेसर आणि रॅम किती ते कळवा, म्हणजे मिंटचं कोणतं व्हर्जन टाकायचं ते सांगतो.