बेस ड्रम रेकॉर्डिंगमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. कोणता माइक घ्यावा आणि तो नेमका कुठे ठेवावा?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतंय: कोथरूडला दहा बाय बाराची खोली, २२ इंची बेस ड्रम (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम), पुढच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, भोक, आत एक उशी कोंबलेली. गाण्यासाठी घेतलेला शुअरचा एसएम ५८ त्या भोकातून आत सरकवलाय. खोलीत ड्रम छातीत बसतो आणि रेकॉर्डिंग ऐकलं की कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं बडवतंय असं वाटतं. पैसे एका माइकपुरते आहेत आणि दुकानदार म्हणतोय, बेस ड्रमचा खास माइक घ्या.

घ्या, पण या महिन्यात नको. मी पुण्यात बारा-तेरा वर्षं बँडची रेकॉर्डिंगं करतोय, आणि त्यातली पहिली तीन मी निव्वळ माइक बदलण्यात घालवली. एकदा कंटाळून तोच माइक जेमतेम चार इंच पुढे सरकवला आणि आवाजात जो फरक पडला, तो आधीच्या दोन नव्या माइकांनी मिळूनही पडला नव्हता. म्हणून आधी जागेबद्दल लिहितो, माइकबद्दल नंतर.

त्याच्याही आधी ड्रमबद्दल दोन शब्द. ढोल-ताशा पथकातली पोरं पान नीट ताणलं गेल्याशिवाय टिपरू उचलत नाहीत. ड्रमसेटवाले मात्र दुकानातून आला तसा ड्रम वर्षभर वाजवतात. दोन्ही हेड पूर्ण ढिली करा. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत, हेडवरच्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकंच ताणा. ज्या मागच्या हेडवर बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) बसतो ते त्याहून पाव फेरा जास्त. उशी काढून टाका. अख्खी उशी ड्रमचा श्वासच कोंडते, मग उरतो तो नुसता खोका. तिच्या जागी जुन्या गोधडीची घडी तळाशी ठेवा, मागच्या हेडला दोन-तीन इंच टेकेल इतकीच. आणि तुमच्या ड्रमरचा पाय बघा. ठोका मारल्यावर तो बीटर हेडमध्येच दाबून धरत असेल, तर ठोक्यामागे बारीक 'टर्र' येते आणि हेड मोकळं वाजत नाही. हा दोष कुठलाही माइक झाकत नाही, उलट चांगला माइक तो जास्त स्वच्छ दाखवतो.

आता जागा. एक संध्याकाळ मोकळी ठेवा. ड्रमरला संथ, एकसारखे ठोके मारायला सांगा. तुम्ही कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. प्रत्येक वेळी माइक हलवलात की त्याच माइकमध्ये तोंडाने बोला, 'मागच्या हेडपासून तीन इंच', आणि मग वीस ठोके रेकॉर्ड करा. हे बोलणं वेडेपणा वाटेल, पण दुसऱ्या दिवशी दहा फाइली समोर असताना कुठली कुठली हे कोणालाही आठवत नाही.

माइक पार आत, बीटर जिथे आपटतो तिथून दोन-तीन इंचांवर नेलात तर 'टक्' भरपूर मिळेल. दोन्ही पायांनी जलद बेस ड्रम वाजवणाऱ्यांना हीच जागा लागते, कारण तिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पण अंग कमी असतं. आता माइक हळूहळू बाहेर, भोकाकडे घ्या. ड्रमच्या आत साधारण मध्यावर आलात की बहुतेक ड्रममध्ये ३०० ते ४०० हर्ट्झचा तो पुठ्ठ्याचा आवाज वर येतो. तुमचा माइक आत्ता तिथेच असावा असा माझा अंदाज आहे. आणखी बाहेर, भोकातून जेमतेम दोन इंच आत, माइकचं तोंड बीटरकडे पण किंचित तिरकं, ही जागा एकच माइक असताना मला सगळ्यात जास्त वेळा कामी आली आहे. ठोका आणि घुमारा दोन्ही तिथे मापात येतात. टक् जास्त हवं असेल तर तोंड बीटरच्या रेषेत आणा, अंग हवं असेल तर ड्रमच्या भिंतीकडे वळवा. हे वळवणं दोन बोटांइतकंच असतं, हातभर नाही.

एकच जागा टाळा: नेमकं भोकाच्या तोंडावर. प्रत्येक ठोक्याला तिथून हवेचा झोत बाहेर येतो. तळहात धरून बघा, फुंकर जाणवेल. माइक त्या झोतात असला की 'फुफ्फ' असा आवाज रेकॉर्ड होतो आणि मीटर उगाच वर उडतो.

तुमच्या खोक्याला दुसरंही एक कारण आहे, आणि त्यात एसएम ५८ ची चूक नाही. १९६६ साली तो बाजारात आला तो गाण्या-बोलण्यासाठी. गायक ओठ टेकवून गातो तेव्हा जवळपणामुळे खालचे स्वर आपोआप फुगतात, म्हणून या माइकने खालची बाजू मुद्दाम हलकी ठेवली आहे. त्याचा अधिकृत पल्ला ५० हर्ट्झपासून सुरू होतो, पण त्याच्या बऱ्याच वरच्या स्वरांपासूनच उतार लागलेला असतो. तो ड्रममध्ये हेडपासून आठ-दहा इंचांवर ठेवलात की जवळपणाचा फायदा गेला आणि उतार तेवढा राहिला. तोच माइक मागच्या हेडच्या जवळ न्या, बराचसा भरदारपणा परत येईल. शुअरच्याच एसएम ५७ चंही तेच.

बेस ड्रमचे माइक याच्या उलट घडवलेले असतात. खालची बाजू वाढवलेली, तीन-चारशेच्या आसपासचा गाळ उपसलेला, आणि चार हजारांजवळ बीटरसाठी एक उंचवटा. म्हणजे तुम्ही नंतर इक्वलायझरवर जे केलं असतं, त्यातलं बरंचसं आधीच करून मिळतं. शुअर बीटा ५२ए आणि एकेजी डी११२ हे दोन्ही याच घराण्यातले. बीटा ५२ए चा पल्ला २० हर्ट्झ ते १० हजार हर्ट्झ, आणि १७४ डेसिबलपर्यंतचा दाब तो सोसतो, म्हणजे तुमच्या ड्रमरने कितीही राग काढला तरी माइक फाटणार नाही. ऑडिक्स डी६ मध्ये हा साज आणखी गडद आहे. मेटल वाजवत असाल तर लावला आणि झालं. पण त्यात आवाज आधीच शिजवून दिलेला असतो. एखादं संथ, मोकळं गाणं आलं की तो मसाला काढता येत नाही.

एकच माइक आणि तुमच्यासारखं मिश्र काम असेल तर मी बीटा ५२ए किंवा डी११२ यातला जो मिळेल तो घेईन. दोघांत रात्रभर वाद घालण्याइतका फरक नाही. पैसे थोडे वाढवता आले आणि तोच माइक बेस गिटारच्या ॲम्प्लिफायरला, गायकाला, पॉडकास्टलाही वापरायचा असेल तर सेनहायझर एमडी ४२१ चा विचार करा. १९६० पासून तो स्टुडिओत आहे तो उगाच नाही. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० (१९६८) माझा स्वतःचा लाडका. त्यात जवळ-दूर केल्याने खालचे स्वर फारसे फुगत-आटत नाहीत, त्यामुळे तो ठेवणं सोपं जातं. पण तुमच्या खर्चात तो बसणार नाही. बीटा ९१ए हा चपटा माइक थेट आतल्या गोधडीवर ठेवायचा असतो, स्टँडची कटकट नाही. मात्र तो कंडेन्सर आहे, म्हणजे त्याला इंटरफेसवरून (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातून) फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच वीज, द्यावी लागते, आणि एकट्याने लावला तर टक् जास्त, पोट कमी. माझ्या मते तो दुसरा माइक आहे, पहिला नव्हे.

विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा. साउंडवाले देतात, फक्त गणपतीच्या दिवसांत विचारू नका, त्यांना बोलायलाही सवड नसते.

गणपतीवरून आठवलं. पोलॅरिटी, म्हणजे माइकचा सिग्नल सुलटा की उलटा, मला पुस्तकातून कधीच कळली नाही, ढोलाने शिकवली. म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात एका पथकाचा सराव चालू होता आणि मला एकाच ढोलाचा स्वच्छ आवाज हवा होता. एका पानावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर हाताची थाप, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माइक लावला. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही झकास. एकत्र वाजवले आणि ढोलातला जीवच गेला, पत्र्याचा डबा उरला. मी केबल बदलली, माइक बदलला, वर ढग दाटून आलेले, खडकवासला धरणातून पाणी सोडलं तर सगळं उचलून पळावं लागणार, आणि वाजवणारा पोरगा घामाघूम. शेवटी वैतागून एका चॅनेलचं पोलॅरिटीचं बटण दाबलं आणि ढोल परत आला. कारण साधं आहे. टिपरू पडतं तेव्हा ते पान आत जातं, म्हणजे त्या बाजूच्या माइकपासून दूर. आतली हवा दुसऱ्या पानाला बाहेर ढकलते, म्हणजे त्या बाजूच्या माइककडे. एक माइक म्हणतो ओढ, दुसरा म्हणतो ढकल. बेरीज केली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

तुमच्या ड्रमसेटचंही असंच आहे. वरून लावलेले ओव्हरहेड माइक ड्रमरच्या बाजूने ऐकतात, बेस ड्रमचा माइक समोरून. म्हणून बेस ड्रमचा ट्रॅक एकटा ऐकून मान डोलावू नका. ओव्हरहेड चालू ठेवा, बेस ड्रमची पोलॅरिटी उलटी करा, परत सुलटी करा. ज्यात पोट जास्त भरतं ती बाजू ठेवा. ओव्हरहेड बीटरपासून सव्वा मीटरवर असेल तर आवाज तिथे साडेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे कधी दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. तेव्हा ओव्हरहेड अर्धा फूट वर-खाली करून बघा. या एका बटणासाठी मी तुम्हाला दोन वेळा जेवू घालायला तयार आहे, इतकं ते लोक विसरतात.

खोलीबद्दलही सांगून टाकतो, कारण 'खोलीत छातीत बसतो' हे तुमचं वाक्य फसवं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. त्या हिशेबाने दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ अडकून घुमतो, बारा फुटांत ४७, आणि साडेनऊ फुटी छत असेल तर ५९ च्या आसपास. बेस ड्रमचं पोट नेमकं याच पट्ट्यात असतं. म्हणजे तुमची खोलीच ड्रमच्या सुरात सूर मिळवतेय. भिंतीला टेकून बसलात तर तो आवाज दुप्पट वाटतो, खोलीच्या मध्यावर उभे राहिलात तर कुठेतरी हरवतो. ड्रमच्या आत असलेला माइक यातलं फारसं ऐकत नाही, म्हणून त्याचा आवाज तुम्हाला उपाशी वाटतो. खोलीत उभं राहून निर्णय घेऊ नका, आणि लॅपटॉप-मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच. त्यांना ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही.

गेनचं (इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचं) थोडक्यात: चाचणीला ड्रमर लाजत वाजवतो, प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला तुटून पडतो. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा ठेवा. इंटरफेस तरीही लाल होत असेल तर त्यावरचं पॅडचं, म्हणजे येणारा सिग्नल कमी करणारं, बटण वापरा.

स्टँडच्या बाबतीत मात्र काटकसर नको. मी एकदा नवी पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये माइक आत घडी केलेल्या शालीवर नुसता ठेवला होता. ऐकायला सुरेख होता. तिसऱ्या गाण्यानंतर ठोक्याठोक्याने तो घसरत घसरत कधी ड्रमच्या भिंतीला टेकला, कोणालाच कळलं नाही. पहिली तीन गाणी एका ड्रमची, उरलेली दोन दुसऱ्याच. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दुपारी चारच्या आत आटपा असं बजावलेलं, त्यामुळे परत वाजवायची सोय नव्हती. ती दोन गाणी मी आजही ऐकू शकत नाही. तेव्हापासून बुटका बूम स्टँड, त्याच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी, आणि माइक जिथे बसला तिथे दांडीवर चिकटपट्टीची खूण.

इक्वलायझरला हात लावायचाच झाला तर आधी ३५० च्या आसपास चार-पाच डेसिबल कापा. तेवढ्यावर नाही भागलं तरच ६० जवळ थोडं चढवा, आणि बीटर हरवत असेल तर तीन-चार हजारांजवळ. कापल्यावर तुमच्या एसएम ५८ मधूनसुद्धा बराच चांगला ड्रम निघेल असं मला वाटतं. हेडपासून तीन इंच, मध्य, आणि भोकातून दोन इंच आत, असे तिन्ही नमुने एकामागोमाग जोडून पाठवा. नव्या माइकची गरज आहे की नाही ते ऐकून सांगतो.