आत्मा 'आली' नाही, आणि लढलीही नाही

प्रश्न असा आला आहे. 'जुजुत्सु काइसेन ०' या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, शेवटच्या प्रकरणाचं हौसेखातर मराठी भाषांतर चाललं आहे. त्यात रिका नावाची मुलगी लहानपणी अपघातात जाते आणि भयंकर रूपात युता या मुलाच्या मागे लागून राहते. इंग्रजीत तिला 'कर्स्ड स्पिरिट' म्हटलंय म्हणून भाषांतरकाराने 'शापित आत्मा' केलं. आता रिका मुलगी, तेव्हा 'आत्मा आली' की 'आत्मा आला'? आणि 'दुष्ट आत्मांशी' लढायचं की 'दुष्ट आत्म्यांशी'?

आला. आत्म्यांशी. मराठीत आत्मा पुल्लिंगी आहे. तो आत्मा, ते आत्मे, त्या आत्म्याला. हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे, आणि डब केलेल्या भयपटांतून 'त्याची आत्मा भटकतेय' आपल्या घरात शिरलं आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीतही मी ते छापलेलं पाहिलं. मुळात इथे लिंगाचा घोळ दुय्यम आहे. आत्म्याशी तलवार घेऊन लढायला निघालेला माणूस मराठीत वेडाच ठरेल. शस्त्रं ज्याला छेदू शकत नाहीत तो आत्मा, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगून झालंय. आपला आत्मा तळमळतो, तृप्त होतो, थंड होतो. वाड्याच्या माळ्यावर बसून धोंडे मारत नाही. ते काम भुताचं.

मग भूत लिहा की! लिहा, चालेल. पण या गोष्टीसाठी त्याहून नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तो कुणी वापरत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. तो शब्द म्हणजे समंध.

समंध आला संबंधावरून. बोलताना 'म्ब'मधला 'ब' गिळायची आपल्याला जुनी खोड आहे. कुटुंबाचं कुटुम होतं, लांबचं लामचं होतं, आणि 'तुझा यात काय समंद?' हे तर कुठल्याही गावच्या पारावर ऐकू येईल. ज्याचा संबंध तुटला नाही तो समंध. पुरलेल्या हंड्यात, वाटणीच्या भांडणात, मागे राहिलेल्या माणसात ज्याचा जीव अडकला तो. भुताला नाव देताना त्याचे दात किंवा उलटे पाय न बघता नातं बघणारी भाषा मला तरी मोठी शहाणी वाटते. आणखी गंमत पाहा. याच 'संबंधी'पासून हिंदीत 'समधी' झाला, म्हणजे व्याही. एकाच शब्दाच्या पोटी तिकडे व्याही जन्मला आणि इकडे भूत. ज्यांच्या घरी नुकतं लग्न झालंय त्यांना हा फरक फार मोठा वाटणार नाही.

यावर जाणकार मंडळी म्हणतील की समंध म्हणजे ब्राह्मणाचं भूत, त्याला जपानी पोरीच्या अंगावर कसा चढवता? हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं पाहून उतरवला गेलाय. समंध आपोआप ब्राह्मणच असता, तर 'ब्रह्मसमंध' हा वेगळा शब्द कशाला लागला असता? 'ब्रह्म' जोडावं लागतं, कारण नुसत्या समंधाला जात नसते. पण इतका साधा विचार करायला कोश मिटून बाजूला ठेवावा लागतो, आणि ते या मंडळींच्या जिवावर येतं.

आता रिकाकडे. (पुढे रहस्य फुटतंय. न वाचलेल्यांनी इथेच थांबावं.) सगळे समजत असतात की रिकाने युताला झपाटलंय. शेवटच्या प्रकरणात कळतं की उलट आहे. ती मरत असताना तिला जाऊ द्यायला युतानेच नकार दिला आणि तिला इथे अडकवलं. बंध त्याच्या बाजूने होता. समंध हा शब्द जणू याच पानासाठी घडवून ठेवलाय! हडळ मात्र लिहू नका, खवीस तर नकोच. समंध पुल्लिंगी आहे म्हणून अडायचंही कारण नाही. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी असून मिशीवाल्या पुरुषाला चालते ना?

त्याच प्रकरणात युताचा पूर्वज म्हणून सुगावारा नो मिचिझाने याचं नाव येतं. लेखकाने ते उगीच घेतलेलं नाही. मिचिझाने हा क्योतोच्या दरबारातला मोठा विद्वान आणि मंत्री. इ.स. ९०१ मध्ये कारस्थान करून त्याला दूर दाझाइफूला धाडलं, ९०३ मध्ये तो तिथेच गेला. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडून दरबारी मेले, तेव्हा हा त्याचाच सूड म्हणून सगळ्यांची गाळण उडाली. अशा भुताला जपानीत 'ओन्‌र्यो' म्हणतात. 'ओन' म्हणजे मनात धरलेला दावा. त्याच्याशी लढायला कुणी तलवार उपसली नाही. क्योतोतल्या कितानोला देऊळ बांधलं आणि त्याला देव केलं. आज तो विद्येचा देव आहे, आणि प्रवेशपरीक्षेच्या हंगामात पोरं त्याच्याकडे नवस बोलायला रांगा लावतात. कोकणी माणसाला यात नवल वाटू नये. आरवलीचा वेतोबा मुळात वेताळच, भुतांचा राजा. त्याच्या पायांशी आपण चामड्याच्या हातभर वहाणा वाहतो आणि केळ्यांचे घड ठेवतो.

राहता राहिला 'शापित'. तो ठेवायला हरकत नाही, कारण इथे शाप देणारा आणि त्याचे शब्द दोन्ही हजर आहेत. मात्र युता रिकाला मोकळी करतो तिथे 'शापमुक्ती' असला सरकारी परिपत्रकातला शब्द घालू नका. आपल्याकडे उःशाप आहे, आणि त्यातला विसर्ग खाऊ नका.